सोलापुरातल्या जखमी पक्ष्यांवरच्या उवा मोजायच्या आहेत, सूचना हव्यात

पिसारा

पक्षीनिरीक्षणाचे धागे इथे उदंड आहेत. नान्नजचं माळरान, उजनीचे रोहित, हिप्परग्याची बदकं, सगळ्यांचे फोटो येतात. त्या पक्ष्यांच्या पिसांत काय नांदतं यावर मात्र कुणी लिहीत नाही. विषय जरा किळसवाणा आहे, ताटावर बसला असाल तर नंतर वाचा.

आम्ही काही जण शहरात जखमी पक्ष्यांचा फोन आला की धावतो. मांजात पंख चिरलेली घार, मे महिन्यात उन्हाने गच्चीवर पडलेला पारवा, विजेच्या तारेला लागलेला बगळा. उचलून खोक्यात घालायचा आणि वनविभागाकडे किंवा पशुवैद्यांकडे पोचवायचा, एवढंच आमचं काम. पक्षी हातात धरला की थोड्या वेळात मनगटावर काहीतरी सरसरत चढतं. सगळेच ते झटकून टाकतात. ते न झटकता मोजायचं आणि बाटलीत भरायचं असा बेत आहे, त्यासाठी हा धागा.

थोडी ओळख करून देतो. जगात उवांच्या पाच हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य पक्ष्यांवरच्या आहेत. माणसाच्या उवेसारखी टोचून रक्त ओढणारी सोंड यांना नसते, चावणारा जबडा असतो. पीस, कोंडा, कातडीचे पापुद्रे हे त्यांचं खाणं. काही जाती कोवळ्या पिसाची नळी कुरतडून रक्तही घेतात. पंख नाहीत, उडी मारता येत नाही. अंडं पिसाला चिकटवलेलं, त्यातून निघालेलं पिल्लू तीनदा कात टाकून मोठं होतं, आणि हे सगळं त्याच पक्ष्याच्या अंगावर. पक्षी सुटला की काही दिवसांत ऊ मरते. त्यामुळे बऱ्याच जाती एकाच पक्ष्याला, फार तर त्याच्या जवळच्या भाऊबंदांना धरून असतात.

पारव्याचा पंख उलगडून उजेडाकडे धरा. उडायच्या मोठ्या पिसांच्या खालच्या अंगाला, तंतूंच्या मधल्या खाचेत, तीळ उभा चिरावा तशी दोन-अडीच मिलिमीटरची बारीक लांबट ऊ दिसेल, तंतूंना अगदी समांतर. काडी लावली की ती झपकन सरकून पुढच्या खाचेत गडप होते. ही कोलंबिकोला. पारवा चोचीने पंख साफ करतो तेव्हा ती त्या खाचेत अंग घालून वाचते. त्याच पारव्याच्या पोटाकडच्या मऊ पिसांत दुसरी असते, कॅम्पॅन्युलोटीस, आखूड आणि गोल पोटाची. तिला खाच नको, ती पिसाच्या बुडाशी असलेल्या लवेत शिरते. पक्षी एकच, पण दोघींचे इलाखे वेगळे.

आता सोलापूरच का? आपल्या हवेमुळे. पिसं खाणाऱ्या या उवा पाणी पीत नाहीत, हवेतली वाफच तोंडावाटे शोषून घेतात. हवा फार कोरडी झाली की त्यांचं कठीण होतं. २००२ साली अमेरिकेत कोरड्या आणि दमट प्रदेशांतल्या पक्ष्यांची तुलना झाली, तेव्हा कोरड्या भागातल्या पक्ष्यांवर उवा कमी निघाल्या. आपण पर्जन्यछायेतले. एप्रिल-मेमध्ये वाळत घातलेली चादर बघता बघता खडखडीत होते, आणि ऑगस्टमध्ये तीच दोन दिवस ओलसर राहते. मग एकाच गावात, एकाच जातीच्या पक्ष्यावर, उन्हाळ्यात उवा उतरतात आणि पावसाळ्यानंतर चढतात का? एवढा एकच प्रश्न आहे. पारवा आणि घार हे दोनच पक्षी धरायचे, कारण हेच सर्वांत जास्त येतात.

मुख्य अट अशी की एकही पक्षी यासाठी पकडायचा नाही. दुसरी अट, ज्याच्यावर एकही ऊ सापडली नाही त्याचीही नोंद करायची, आणि तितक्याच काळजीने. उवा सापडल्या की माणूस हौसेने लिहून ठेवतो आणि नाही सापडल्या की कागद कोराच राहतो. अशा वहीतून पुढे काहीही निघत नाही.

पद्धत, साहित्य, कायदा, ज्याला जे माहीत असेल ते लिहा.

होटगीरोडकर

वाचता वाचता दोनदा डोकं खाजवलं राव. आमच्या बाल्कनीत एसीच्या मागे पारव्यांनी संसार थाटलाय. या उवा घरात आल्या तर पोरांच्या डोक्यात होतील का? बायको हा धागा वाचत नाहीये तोवर उत्तर द्या.

पिसारा

नाही होणार. पारव्याची ऊ माणसावर तग धरत नाही, तिला पिसं लागतात. पण पिल्लं उडून गेल्यावर रिकाम्या घरट्यातून घरात येऊन जे चावतात ते बहुतेक वेळा पक्ष्यांचे कोळीवर्गीय माइट असतात. आठ पायांचे, डोळ्याला जेमतेम ठिपका दिसावा एवढे, पोट भरलं की लालसर. ते घरट्यात राहतात आणि पक्षी निघून गेला की दुसरं कुणी शोधत फिरतात. पिल्लं उडाली की घरटं पिशवीत बांधून टाका, तोंडाला फडकं लावून. पिल्लं आत असताना हात लावू नका.

आगाऊ अण्णा

काय बे, लोक प्यायला पाणी मोजतात आणि तुम्ही उवा मोजताय! पक्षी हातात आलाय तर पावडर मारा की. त्याला बरं वाटंल, तुम्हालाबी पुण्य. मोजून काय दुकान टाकायचंय?

खुराडेवाली

अण्णा, पावडरीचं नाव काढू नका. माझं माहेर बार्शीकडचं, घरी गावरान कोंबड्या. पूर्वी गॅमेक्सिन सर्रास मारायचे, कोंबडीवरही आणि खुराड्यातही. आता ते बंद झालं तरी कुठलं तरी शेतातलं औषध पाण्यात कालवून कोंबडी बुचकळणारे अजून आहेत. ऊ मरते, कधी कधी कोंबडीही. सीताफळाच्या बियांची पूडही लोक लावतात. ती डोळ्यात गेली तर डोळ्याची वाट लागते, माणसाच्या काय आणि कोंबडीच्या काय.

कोंबडी स्वतःच किती करते ते बघा. चुलीची राख आणि कोरडी माती एका कोपऱ्यात सैल करून ठेवली की दुपारी येऊन बसतात, पिसं फुलवून आत माती ओढून घेतात, मग उठून एकच झटका. आमच्याकडे डालग्याखाली बंद ठेवलेल्या खुडूक कोंबडीवर सगळ्यात जास्त निघायच्या, कारण तिला लोळायला मिळत नाही.

उवा कुठे बघायच्या ते सांगते. कोंबडी उलटी धरून शेपटीखालची, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसं फुंकर मारून बाजूला करायची. पिसाच्या बुडाशी पांढरट खरखरीत गाठ दिसली की ती अंड्यांची. एकावर एक चिकटवलेली असतात, नखाने निघत नाहीत, पीसच उपटावं लागतं. आणि फुंकर मारताच पिवळसर उवा कातडीवरून चारी दिशांना पळतात.

पिसारा

ताई, हे वर्णन मेनाकँथस या कोंबडीच्या उवेचं आहे, तंतोतंत. कातडीवर पळणारी आणि पिसाला धरून राहणारी असे दोन मोठे गट आहेत, ॲम्ब्लिसेरा आणि इस्क्नोसेरा. मेनाकँथस पहिल्या गटातली. साळुंकी आणि कावळ्यावरची मिर्सिडियाही त्याच गटातली. हवेच्या कोरडेपणाचा त्रास पिसं खाणाऱ्या दुसऱ्या गटाला जास्त व्हावा असा माझा अंदाज आहे, कारण पहिल्या गटातल्या काहींना रक्तातून पाणी मिळतं. म्हणून मोजताना दोन्ही गट वेगळे लिहायचे.

वजाबाकी

बेत आवडला, पण पायाच कच्चा आहे असं वाटतं. तुम्ही मोजणार जखमी पक्ष्यांवर. जखमी पक्षी अंग साफ करू शकत नाही, म्हणून त्याच्यावर उवा वाढतात. मग तुम्ही हवा मोजताय की दुखणं?

पारव्यावरचाच अमेरिकेतला प्रयोग आहे. वरच्या चोचीचं टोक खालच्या चोचीवर किंचित झुकलेलं असतं. तेवढं टोक घासून काढलं तर पारवा नीट खातो-पितो, पण त्याच्या अंगावरच्या उवा भराभर वाढतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या टोकाने एवढा फरक पडतो, मग पंखच मोडलेल्या घारीचं काय?

दुसरं, सरासरी काढू नका. उवा सगळ्या पक्ष्यांवर सारख्या वाटलेल्या नसतात. बहुतेकांवर शून्य किंवा थोड्या आणि एखाद्यावर शेकडो. तो एकटा आजारी पारवा मे महिन्यात आला तर तुमचा मे महिना ओलाचिंब दिसेल. किती टक्के पक्ष्यांवर उवा होत्या हे वेगळं लिहा, आणि ज्यांच्यावर होत्या त्यांच्यातला मध्यक वेगळा.

पिसारा

दुसरा मुद्दा बिनशर्त मान्य. पहिल्यावर थोडं भांडतो.

जखमी पक्षी बारा महिने येतात. उन्हाळ्यातला जखमी आणि पावसाळ्यातला जखमी यांची तुलना केली तर दुखण्याचा परिणाम दोन्हीकडे असेल. अडचण तेव्हा, जेव्हा दुखण्याचा प्रकारच ऋतूप्रमाणे बदलतो. तो बदलतोच: उन्हाळ्यात पाण्यावाचून पडलेले जास्त, पतंगांच्या दिवसांत मांजाचे जास्त. म्हणून प्रत्येक पक्ष्यासमोर दुखण्याचं कारण, जखम ओली की सुकलेली, छातीचं हाड हाताला टोचतं का, आणि चोच शाबूत आहे का हे लिहायचं. काचेवर आपटून जागीच मेलेला पारवा सगळ्यात कामाचा, कारण तो काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होता. उपाशी राहून हाडाला लागलेला पक्षी मोजायचा, पण हिशेबात वेगळ्या गटात धरायचा.

चोच मोडलेला पक्षी हवेच्या प्रश्नासाठी बाद. त्याची नोंद मात्र ठेवायची.

गोठ्यातला डॉक्टर

मी जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. उत्साह चांगला आहे, तरी काही गोष्टी आधीच स्पष्ट करतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभ्यासासाठी वन्य पक्षी पकडायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तुम्ही पकडत नाही हे ठीक, पण जखमी पक्षी अभ्यासासाठी घरी ठेवून घेणंही चालत नाही. तो लवकरात लवकर वनविभागाकडे जायला हवा. तेव्हा मोजणी दवाखान्यातच, तपासणी चालू असताना, आणि वनविभागाला आधी पत्र देऊन. पिसं आठवण म्हणून घरी नेऊ नका.

जिवंत पक्ष्यावर पावडर नको. पायरेथ्रिनची पावडर लावून, पक्षी पांढऱ्या ट्रेवर धरून, पिसं चाळवून उवा पाडायची पद्धत जगभर वापरतात, ती चांगली आहे. पण धडधाकट पक्ष्यावर. धापा टाकणाऱ्या घारीला हातात धरून पिसं चाळवत बसाल तर ऊ राहील बाजूला आणि घारच जाईल. आधी पाणी, अंधार, शांतता. ती स्थिर झाली की डोळ्यांनी तपासा. डोकं, मान, पाठ, पोट, पंख, शेपटी, याच क्रमाने आणि प्रत्येक जागेला ठरावीकच वेळ. कुठलीही जागा जास्त आवडली म्हणून तिथे रेंगाळायचं नाही.

मेलेल्याला नागव्या हाताने शिवायचं नाही. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला. एकाच ठिकाणी दोन-तीन पक्षी मेलेले दिसले तर उवा विसरा, हात न लावता आम्हाला कळवा.

सूक्ष्मदर्शी

मेलेल्या पक्ष्याचं मी सांगते, कीटकशास्त्र शिकताना हे केलंय.

पक्षी मेल्या मेल्या वेगळ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून. एका पिशवीत दोन पक्षी कधीही नाही. अंग गार पडायला लागलं की उवा पिसांच्या टोकाकडे येतात आणि बाहेरची वाट शोधतात. काही तर पक्ष्यावरच्या चपट्या माशीच्या अंगाला लटकून दुसऱ्या पक्ष्यावर जातात. पारव्याच्या पिसांतून निघून तुमच्या शर्टात शिरते, ती हीच माशी. एकाच खोक्यातून कावळा आणि घार आणलीत तर कावळ्याची ऊ घारीच्या नावावर चढेल. खोकं दर वेळी नवं घ्या, किंवा कपडा उकळून. शिकारी पक्ष्यावर त्याच्या भक्ष्याच्या उवाही सापडतात. घारीवर कोलंबिकोला निघाली तर नवा शोध लागला म्हणून नाचू नका, तिने काय खाल्लं ते बघा.

मोजायची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे पक्षी धुणे. गोठवून उवा मारायच्या, मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यात बरणीत घालून जोरात हलवायचा, पाणी बारीक चाळणीतून गाळायचं. पाण्यात ऊ येईनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा. चाळणीवरचं सगळं पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाखाली मोजायचं. डोळ्यांनी तपासताना निसटलेल्या किती तरी इथे निघतात. म्हणून जे पक्षी तपासल्यानंतर दगावतील त्यांचे दोन्ही आकडे ठेवा, तुमची नजर किती पकडते ते त्यावरून कळेल.

उवा जाड काचेच्या छोट्या बाटलीत, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकायची. बाहेर बॉलपेनने लिहिलेलं अल्कोहोल सांडलं की धुऊन जातं.

घारीवर एक मोठी मिळते, लेमोबोथ्रियन. सेंटिमीटरभर. पहिल्यांदा बघणारा तिला ऊ म्हणायला तयारच होत नाही.

चादरवाला

खूप दिवस डोक्यात असलेला प्रश्न. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते. मग त्या पिल्लाला कावळ्याच्या उवा लागत असतील ना? आईची तर भेटच नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रश्न भारी आहे. पिल्लाला उवा साधारणपणे आईबापांच्या अंगाखालून मिळतात. कोकीळकुळातल्या पक्ष्यांना ती सोय नाही, तरी त्यांच्यावर त्यांच्याच खास उवा असतात, दुसऱ्या पक्ष्यांवर न सापडणाऱ्या. पाळणाऱ्या आईची ऊ चुकून आली तरी तिथे टिकून वंश चालवत नाही. खऱ्या उवा पुढे, मोठं झाल्यावर आपल्या जातीच्या पक्ष्यांशी संबंध आला की, मुख्यतः जोडी जमताना मिळतात.

माळावरची

नान्नजच्या वाटेवर राहणारी म्हणून विचारते. माळढोकावरही उवा असतील ना? आपलं अभयारण्य १९७९ सालचं, आणि आता माळढोक दिसणंच मुश्कील. पक्षी गेला की त्याची ऊ?

पिसारा

तीही जाते, आणि तिच्यासाठी कुणी उपोषणाला बसत नाही.

माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांवर ओटिडिकस नावाच्या प्रजातीतल्या उवा असतात. कॅलिफोर्नियाच्या काँडर गिधाडाचं उदाहरण बघा. १९८७ साली शेवटचा रानातला काँडर पकडला तेव्हा सगळे मिळून २७ पक्षी उरले होते. त्यांना वाचवताना अंगावरच्या उवा औषधाने काढल्या. गिधाड वाचलं, आज पुन्हा रानात उडतं. त्याची एक ऊ, जी दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यावर नव्हती, ती कायमची गेली.

आता राजस्थानात. २०१९ पासून जैसलमेरजवळ सम इथे माळढोकाची अंडी रानातून आणून यंत्रात उबवतात. ते करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्रातल्या पिल्लाला आईचं अंग लागत नाही, मग ऊ येणार कुठून? वंश पुढे चालेल आणि त्याच्यावरची जात इथेच तुटेल. मला विचाराल तर रानातला एखादा माळढोक उपचारासाठी हातात आला तर वैद्यांनी त्याच्यावरच्या निदान दोन उवा बाटलीत ठेवाव्यात. तेवढा खर्च कुणालाही परवडेल.

आगाऊ अण्णा

उवांसाठीबी संवर्धन! चालूद्या. पण ते काँडरचं वाचून जरा चुटपुट लागली बे.

जुनापुराणा

चिठ्ठीचा विषय निघालाय म्हणून एक अवांतर.

रिचर्ड माइनर्त्झहागन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. पक्षी आणि पक्ष्यांवरच्या उवा, दोन्हींचा प्रचंड संग्रह त्याने केला आणि तो लंडनच्या निसर्ग संग्रहालयाला दिला. पुढे कळलं की त्याने त्याच संग्रहालयातले पक्षी चोरून, पुन्हा भरून, खोट्या चिठ्ठ्या लावून आपल्या नावावर परत दिले होते. त्यात आपला रानपिंगळाही होता. १९१४ साली गुजरातेत मिळाला असं चिठ्ठीवर होतं. खरं म्हणजे तो डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, खोटी नोंद बाजूला ठेवून खऱ्या जागी शोध घेतला आणि १९९७ साली शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. शंभरावर वर्षं त्याची खात्रीलायक नोंद नव्हती.

तेव्हा पेन्सिलीने लिहा, पण खरं लिहा.

वजाबाकी

या अवांतराला माझ्याकडून एक चहा.

पिसारा, तक्ता करताना उवांचा रकाना कोरा सोडायची सोयच ठेवू नका. तपासला आणि नाही मिळाली तर शून्य. तपासायला वेळ नव्हता तर 'तपासला नाही'. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि वर्षाने कुणालाच आठवत नाही की रिकामी जागा कशाची होती. मोजणारा कोण तेही लिहा, नजरा सारख्या नसतात.

पिसारा

घेतलं. तारीख, जागा, जात, दुखणं, चोच, हाडाची स्थिती, मोजणारा, दोन्ही गटांच्या उवा वेगवेगळ्या, आणि त्या दिवशीची हवेतली आर्द्रता हवामान खात्याच्या नोंदीवरून. वनविभागाला द्यायचं पत्र या आठवड्यात लिहितो, डॉक्टरसाहेबांनी एकदा नजर घालावी. आता एकच अडचण उरली. मेलेले पक्षी गोठवायला फ्रीजर. दवाखान्यातला लसींचा आहे, त्यात नाही चालणार.

आगाऊ अण्णा

आमच्या दुकानात आइस्क्रीमचा जुना डीप फ्रीजर पडलाय. गारवा एक नंबर धरतो. पक्षी आणून टाका तिथं.

गोठ्यातला डॉक्टर

दुकानात नको, अण्णा. मेलेला वन्य पक्षी खासगी जागेत ठेवला तर पत्राऐवजी नोटीस येईल.

आगाऊ अण्णा

मग फ्रीजरच दवाखान्यात आणून टाकतो की. टेम्पोचं भाडं तेवढं धाग्यावरच्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं. होटगीरोडकर, तुमच्यापासून सुरुवात.